पापणीवरचे पिवळे चट्टे काढायचे असतील तर: आधी रक्त, मग लेसर

नाकाजवळ, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, हळदीचं बोट पुसायचं राहून गेल्यासारखा फिकट पिवळा चट्टा दिसतो. दुखत नाही, खाजत नाही, साबणाने जात नाही. वर्ष-दोन वर्षांत तो तांदळाच्या दाण्याएवढा होतो आणि मग बऱ्याचदा दुसऱ्या डोळ्यावर त्याचा जोडीदार उगवतो. डॉक्टर याला झँथेलाझ्मा म्हणतात. कातडीच्या वरच्या थरांत कोलेस्ट्रॉलने फुगलेल्या पेशी साचतात, त्यांचा हा रंग.

चट्टा काढणं ही तशी अर्ध्या तासाची गोष्ट. गव्हाळ-सावळ्या कातडीवर काळा किंवा पांढरा डाग न ठेवता तो काढणं मात्र कौशल्याचं काम आहे, आणि तो मुळात का आला हे शोधणं तर त्याच्याही आधीचं. मुंबईत गल्लोगल्ली 'स्किन क्लिनिक' उघडल्यापासून लोक थेट लेसरच्या खुर्चीत जाऊन बसतात. रक्ताचा रिपोर्ट कोणी मागत नाही, कोणी देत नाही. खाली दिलेल्या क्रमात काढण्याचा नंबर बराच उशिरा येतो. तो मुद्दामच तसा ठेवला आहे.

१. चट्टा तोच आहे ना, हे ठरवा

खरा झँथेलाझ्मा मऊ, सपाट किंवा किंचित उचललेला, स्पष्ट कडांचा आणि पिवळा असतो. बहुतेकदा वरच्या पापणीवर, नाकाच्या बाजूला. टाचणीने टोचून पिळलं तर त्यातून काहीही येत नाही, कारण ती पू किंवा तेल भरलेली पिशवी नव्हे. माल पेशींच्या आत अडकलेला असतो. तेव्हा टोचू नका.

त्याच्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. रव्याच्या कणासारखे पांढरे, टणक दाणे असतील तर ते मिलिया. डॉक्टर ते बारीक सुईने काढतात. खालच्या पापणीवर कातडीच्याच रंगाचे खूप सारे बारीक उंचवटे असतील तर ते बहुधा सिरिंगोमा, म्हणजे घामाच्या नलिकांपासून झालेल्या निरुपद्रवी गाठी. त्यांचा कोलेस्ट्रॉलशी संबंध नाही आणि त्या काढण्याचा हिशेबही वेगळा.

घाई करायची ती एकाच प्रकारात. चट्टा एकाच बाजूला आहे, टणक लागतो, भराभर वाढतोय, मध्ये खड्डा पडलाय, रक्त येतं किंवा तिथले पापणीचे केस गळलेत, तर त्वचेच्या क्लिनिकऐवजी थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. पापणीतल्या तेलग्रंथींचा कॅन्सर पिवळट गाठीसारखा दिसतो, आणि पुन्हा पुन्हा होणारी रांजणवाडी समजून त्याच्यावर महिनोन् महिने शेक घेत बसणारे लोक असतात. अशा गाठीचा तुकडा तपासायला गेलाच पाहिजे. लेसरने जाळून टाकली तर तपासायला काही उरत नाही.

आजच एक काम करून ठेवा. खिडकीजवळ दिवसाउजेडी, फ्लॅश बंद करून, मोबाइलवर तीन फोटो काढा: डोळे मिटून, समोर बघून, वर बघून. एका फोटोत चट्ट्याशेजारी छोटी पट्टी धरा. वाढ किती झाली आणि काढल्यावर फरक किती पडला, हे पुढे या फोटोंवरूनच कळतं. आरशावर आणि आठवणीवर विसंबू नका.

२. रक्त तपासा

असे चट्टे असलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांचं कोलेस्ट्रॉल नॉर्मल निघतं. म्हणजे उरलेल्या निम्म्यांचं निघत नाही, आणि आपण कोणत्या निम्म्यात आहोत हे चेहरा बघून सांगता येत नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहरातल्या १२,७४५ लोकांवर सरासरी २२ वर्षं लक्ष ठेवलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली आले. कोलेस्ट्रॉल, ब्लड प्रेशर, सिगारेट असा सगळा हिशेब वजा करूनही, पापणीवर चट्टे असलेल्यांना हार्ट ॲटॅकचा धोका सुमारे दीडपट दिसला. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल आला, विषय संपला' असंही नाही. ब्लड प्रेशर, साखर, कंबरेचा घेर आणि तंबाखू यांच्याकडेही फॅमिली डॉक्टरांना एकदा बघू द्या.

करायच्या तपासण्या अशा:

- लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्ट्रॉल आणि इतर चरबीचे आकडे
- उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर)
- थायरॉइडसाठी टीएसएच (थायरॉइड मंदावला की कोलेस्ट्रॉल चढतं)
- लिव्हर फंक्शन टेस्ट
- किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन
- लायपोप्रोटीन-ए (कोलेस्ट्रॉल वाहून नेणारा एक कण), आयुष्यात एकदा. हे मुख्यतः आनुवंशिक असतं आणि साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही, वेगळं मागावं लागतं

लिपिडसाठी १० ते १२ तास उपास. पाणी चालतं; चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. आदल्या दोन-तीन दिवसांत दारू नको आणि आदल्या रात्री लग्नाचं जेवणही नको, नाहीतर ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली आणखी एक चरबी) उगाच चढलेले दिसतात. सॅम्पल घ्यायला येणारा मुलगा सात म्हणून नऊला उगवतो, हे गृहीत धरून जेवणाची वेळ ठरवा.

मुंबईत एक चूक हमखास होते, ती पावसाळ्यात. मलेरिया, डेंग्यू किंवा मोठ्या तापातून उठल्या उठल्या 'फुल बॉडी चेकअप' करून घेतात आणि कोलेस्ट्रॉल छान खाली आलेलं बघून खूश होतात. आजारपणात ते तात्पुरतं घसरतं. सहा आठवडे जाऊ द्या, मग तपासा. गरोदरपणात उलटं होतं, आकडे वर जातात. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केलेली तपासणीच धरावी.

रिपोर्टमध्ये आधी एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्ट्रॉल, बघा. सर्वसाधारण माणसाला १०० च्या खाली असलेलं बरं. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टर ७० च्या किंवा त्याहूनही खाली आणायला सांगतात. ट्रायग्लिसराइड्स १५० च्या खाली हवेत. ते ४०० च्या वर असतील तर बऱ्याच लॅबचं एलडीएल बिनकामाचं, कारण ते मोजलेलं नसतं, गणिताने काढलेलं असतं आणि ते गणित तिथे चुकतं. अशा वेळी 'डायरेक्ट एलडीएल' करून घ्या.

एलडीएल १९० किंवा त्याच्या वर आलं तर लेसर बाजूला ठेवा. घरात कोणा पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा बाईला पासष्टच्या आत हार्ट ॲटॅक आला होता का, विचारा. टाचेमागची जाड कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, हाताने चाचपून बघा. ती गाठाळ, सुजल्यासारखी लागते का? हाताच्या बोटांच्या सांध्यांवर गाठी आहेत का? हे सगळं जुळत असेल तर तो आनुवंशिक कोलेस्ट्रॉलचा आजार असू शकतो. त्याचा डॉक्टर वेगळा: फिजिशियन किंवा कार्डिओलॉजिस्ट.

कोलेस्ट्रॉल उतरवणारी गोळी (स्टॅटिन) सुरू केली की चट्टे आपोआप विरघळतील, या आशेवर राहू नका. स्टॅटिन हृदयासाठी असतं. काहींचे चट्टे महिन्यांनी थोडे फिके होतात, बहुतेकांचे जागच्या जागी राहतात. पण कोलेस्ट्रॉल चढलेलंच ठेवून चट्टे काढले तर ते परत यायला रान मोकळं. निदान दोन-तीन महिने आकडे ताब्यात आल्यावर काढायला जावं.

३. लसूण, चुना आणि ऑनलाइन बाटल्या

शेजारच्या काकू लसूण ठेचून लावायला सांगतील. लसणाने कातडी खरोखर भाजते. पापणीची कातडी तर शरीरातली सगळ्यात पातळ. चट्टा आहे तिथेच राहतो, वर फोड येतो आणि मागे काळा डाग. एरंडेल निरुपद्रवी आहे, आणि निरुपयोगीसुद्धा. ॲपल सायडर व्हिनेगर हे आम्लच.

चामखिळीवर चुना लावायची आपल्याकडची जुनी रीत कोणी पापणीवर करून बघू नये. चुना अल्कली आहे. डोळ्यात गेला तर तो बुबुळात खोल खोल उतरत जातो आणि नजर कायमची जाऊ शकते. ऑनलाइन मिळणाऱ्या 'मोल रिमूव्हर' आणि टीसीए पीलच्या (कातडी जाळणाऱ्या ॲसिडच्या) बाटल्यांचंही तेच. बाटलीत किती टक्के काय आहे याचा भरवसा नाही.

यातलं काहीही डोळ्यात गेलं तर रिक्षा शोधायला खाली उतरू नका. आधी नळाखाली, पापण्या बोटांनी ताणून धरून, किमान १५ ते ३० मिनिटं घड्याळ लावून डोळा धुवा. हॉस्पिटल त्यानंतर. ट्रॅफिकमध्ये गेलेली ती वीस मिनिटं पुन्हा मिळत नाहीत.

४. कोणाकडे जायचं

पर्याय तीन. साध्या, लहान, सपाट चट्ट्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ. पाटीवर एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल ही त्वचेची पदवी असली पाहिजे. चट्टा जाड आहे, पापणीच्या कडेला टेकलाय, अश्रूनलिकेच्या तोंडाजवळ आहे किंवा एकदा काढून परत आलाय, तर ऑक्युलोप्लास्टी करणारे नेत्रशल्यविशारद; पापणी हाच त्यांचा रोजचा प्रांत. मोठा भाग कापायचा असेल तर प्लास्टिक सर्जनही चालतात. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' एवढंच लिहिलेली पाटी म्हणजे पदवी नव्हे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या वेबसाइटवर तपासा. क्रमांक विचारल्यावर जिथे नाराजी दिसते, तिथून उठून यायला हरकत नाही.

पैशांची चणचण असेल तर परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर ही महापालिकेची रुग्णालयं आणि भायखळ्याचं राज्य सरकारचं जे. जे. आहे. सगळीकडे त्वचा आणि नेत्र दोन्ही विभाग आहेत. खर्च खासगीच्या मानाने किरकोळ, पण वेळ द्यावा लागतो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, स्किनच्या ओपीडीत रांग, मग तपासण्या, मग प्रोसिजरसाठी वेगळी तारीख. पहिल्याच दिवशी काम उरकेल अशा हिशेबाने अर्धी रजा टाकून जाऊ नका. हात बऱ्याचदा निवासी डॉक्टरांचा असतो, वर वरिष्ठांची नजर. यात वावगं काही नाही, रोज डझनभर केसेस बघणारे हात असतात ते. केसपेपर मात्र जपून ठेवा. दुसऱ्या खेपेला तो नसला तर पुन्हा श्रीगणेशा.

५. पद्धत निवडा

इथे वेळ काढा, कारण 'आमच्याकडे लेटेस्ट मशीन आहे' हे वाक्य इथेच कानावर पडतं.

टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड. जुनं, स्वस्त, आणि पातळ चट्ट्यांवर योग्य हातात उत्तम. तीव्रता चट्ट्याच्या जाडीवर ठरते: अगदी सपाट असेल तर ५० टक्के, थोडा उचललेला असेल तर ७०, जाड गाठाळ असेल तर १०० टक्क्यांपर्यंत. बऱ्याचदा दोन ते चार सिटिंग, मध्ये दोन ते चार आठवडे. चांगला डॉक्टर हे कसं करतो ते माहीत असलेलं बरं, म्हणजे वाईट डॉक्टर ओळखता येतो. तुम्हाला सपाट न झोपवता डोकं उंच ठेवतात. चट्ट्याभोवती व्हॅसलीनचं कुंपण घालतात. काडीला गुंडाळलेला कापूस ॲसिडमध्ये बुडवून बाटलीच्या कडेवर दाबतात, थेंब लोंबता कामा नये. उघडी बाटली तुमच्या डोळ्यावरून कधीच पलीकडे नेत नाहीत. आधी चट्ट्याची कड, मग मधला भाग. काही सेकंदांत कातडी बर्फ पडल्यासारखी पांढरीफटक होते. याला फ्रॉस्टिंग म्हणतात. मिनिट-दोन मिनिटं झणझणीत जळजळ. या वेळात डोळ्यात पाणी आलं तर ते ॲसिडला ओढून आत नेऊ शकतं, म्हणून मदतनीस कोरड्या बोळ्याने डोळ्याचा कोपरा टिपत उभा असतो आणि सलाइनची बाटली हाताशी उघडलेली असते. मदतनीस नाही, सलाइन नाही आणि डॉक्टर एका हातात फोन धरून बोलताहेत, असं दृश्य असेल तर तारीख पुढे ढकला.

आरएफ (रेडिओफ्रीक्वेन्सी) किंवा कॉटरी. मुंबईतल्या क्लिनिकांत हे बरंच चालतं. बारीक टोकाने उष्णता देऊन चट्टा थराथराने खरवडतात. एकाच सिटिंगमध्ये बऱ्याचदा काम होतं. सगळं हातावर अवलंबून. किंचित खोल गेलं की खळगा. छातीत पेसमेकर असेल तर हे आधीच सांगा.

कार्बन डायऑक्साइड किंवा अर्बियम लेसर. अचूक आणि रक्त कमी. महाग. एक थर उडवायचा, ओल्या बोळ्याने पुसायचं, खाली अजून पिवळं दिसतंय का बघायचं, असं करत जातात. पिवळं संपलं की थांबायचं. 'थोडं आणखी, म्हणजे परत येणार नाही' म्हणून पुढे गेलं की व्रण राहतो. इथे एकच प्रश्न विचारा: डोळ्याच्या आत धातूचं कवच बसवणार का? पापणीवर लेसर मारताना डोळ्यात भूलीचे थेंब टाकून बुबुळावर स्टीलचं कवच बसवायचं असतं. नुसता चष्मा, गॉगल किंवा ओला कापूस पुरत नाही. 'काही गरज नाही, मॅडम' असं उत्तर आलं तर तिथे लेसर करू नका.

कापून काढणं. जाड, मोठे चट्टे आणि सैल पडलेल्या पापण्या यांच्यासाठी. वरच्या पापणीत कातडी शिलकीची असते, टाक्यांची रेघ घडीत लपून जाते. खालच्या पापणीत शिल्लक नसते; तिथे जास्त कापलं तर पापणी बाहेर ओढली जाते, डोळा नीट मिटत नाही, सतत पाणी येतं. एक फायदा मात्र कुठल्याच मशीनकडे नाही: कापलेला तुकडा तपासायला पाठवता येतो.

द्रव नायट्रोजनने गोठवणं आपल्या रंगाच्या कातडीवर टाळलेलंच बरं. पापणी टम्म सुजते आणि पांढरा डाग राहण्याची भीती असते.

सावळ्या कातडीत कुठल्याही पद्धतीनंतर जागा काळी पडू शकते. ती महिन्यांनी फिकी होते. पांढरी पडलेली जागा मात्र हट्टी असते. म्हणून चार पापण्यांवर चार चट्टे असतील तर सगळे एका दिवशी काढू नका. एका बाजूचा, त्यातही लहानसा, आधी काढा. सहा ते आठ आठवडे तुमची कातडी काय करते ते बघा आणि मग उरलेले. क्लिनिकचं 'चारही काढा, डिस्काउंट देतो' हे पॅकेज या एका कारणासाठी नाकारा.

६. पैशांचे प्रश्न

भाव प्रत्येक चट्ट्याचा, प्रत्येक पापणीचा की प्रत्येक सिटिंगचा, हे लिहून घ्या. तपासणी फी, भूल, मलमं आणि दोन आठवड्यांनंतरची भेट त्यात धरली आहे का, विचारा. निव्वळ सौंदर्यासाठीच्या उपचारांवर जीएसटी लागतो, त्यामुळे सांगितलेला आकडा करासकट की कराशिवाय, हे आधी कळू द्या. महिन्याभरात चट्ट्याचा तुकडा उरलेला दिसला तर दुसरी सिटिंग फुकट का?

मेडिक्लेम यात मिळत नाही. सौंदर्योपचार पॉलिसीत वगळलेलेच असतात. कोणी 'गाठ काढली असं दाखवतो' म्हणालं तर ते तुमच्याच अंगाशी येईल. रक्ताच्या तपासण्या मात्र पॉलिसीतल्या वार्षिक हेल्थ चेकअपमध्ये बसतात का, ते बघा.

७. तारीख, तयारी आणि सोबत न्यायच्या गोष्टी

घरचं लग्न, मुंज, गणपती किंवा ऑफिसचं मोठं काम यांच्या आधी किमान दोन महिने मोकळे ठेवा. पंधरा दिवस खपली आणि लाली, त्यानंतर काही आठवडे गुलाबी किंवा काळपट जागा, असा हिशेब आहे. 'लग्न दहा दिवसांवर आलंय, पटकन काढून द्या' म्हणणाऱ्यांच्या फोटोत खपली येते. होळीच्या आसपास नको. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात टाळता आलं तर उत्तम. घाम खपलीखाली झिरपतो आणि ऊन डाग गडद करतं.

आधीचा एक आठवडा रेटिनॉल, ग्लायकोलिक वगैरे क्रीम पापण्यांपासून लांब ठेवा. फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई यांनी काळं-निळं जास्त पडतं. घेत असाल तर सांगा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट बसवलेल्या माणसाने चट्ट्यासाठी गोळी थांबवणं म्हणजे उंदरासाठी घर पेटवणं. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांनाच विचारा.

पिशवीत हे असू द्या:

- रक्ताचे रिपोर्ट, जुन्यांसकट
- चालू औषधांच्या पट्ट्या, नुसती नावं नव्हेत
- ॲलर्जी, ओठांवर वारंवार उठणारे तापाचे फोड (हर्पिस), जखमेचा जाड व्रण होण्याची सवय, मुरुमांसाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, डोळ्यांची लेसिक: यातलं जे असेल ते कागदावर लिहून
- काढलेले फोटो
- आधार कार्ड आणि जुना केसपेपर
- गॉगल, कॉन्टॅक्ट लेन्सची डबी आणि चष्मा

सोबत कोणीतरी हवंच. एक डोळा सुजलेला आणि मलमाने धूसर असताना संध्याकाळी सहाची लोकल पकडायची नाही, आणि स्वतः गाडी किंवा स्कूटर चालवायची नाही.

८. त्या दिवशी

चेहरा साध्या साबणाने धुऊन जा. काजळ, आयलायनर, सनस्क्रीन काहीही नको. काजळाचा कण जखमेत राहिला तर तो गोंदल्यासारखा कायमचा बसू शकतो. खाऊन जा, उपाशीपोटी चक्कर येते. संमतिपत्र वाचूनच सही करा. त्यात पद्धतीचं नाव आणि कोणत्या पापणीवर काम, हे लिहिलेलं असावं. क्लिनिकने 'आधीचा' फोटो काढला नाही तर तुम्ही काढायला लावा.

टीसीएसाठी सहसा भूल लागत नाही. आरएफ, लेसर आणि कापण्यासाठी लिग्नोकेनचं बारीक इंजेक्शन देतात. टोचतं ते तेवढंच. भूलीचं क्रीम पापणीवर थापून बसवत असतील तर सावध. नेहमी वापरलं जाणारं लिग्नोकेन-प्रिलोकेनचं क्रीम अल्कधर्मी असतं. ते डोळ्यात झिरपलं तर बुबुळ भाजतं, आणि डोळा बधिर झाल्यामुळे ते तुम्हाला लगेच कळतही नाही.

९. पुढचे पंधरा दिवस

पहिले दोन दिवस पापणी सुजते, सकाळी उठल्यावर जास्त. दोन उशा घेऊन झोपा. बर्फ रुमालात गुंडाळून दहा-दहा मिनिटं शेका, थेट कातडीवर नको. डॉक्टरांनी दिलेलं मलम पातळ लावा. मलमाच्या ट्यूबवर डोळ्यांसाठी असल्याचं लिहिलेलं असलं पाहिजे. त्वचेची साधी मलमं पापणीवरून डोळ्यात जातात आणि चरचरतात. केमिस्टने 'सेम आहे' म्हणून दुसरं दिलं तर घेऊ नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तपकिरी खपली धरते. ती सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, कडेने सुटत सुटत, स्वतःहून पडते. आंघोळीत ओली झाली की ती मऊ पडते आणि बोट आपोआप तिकडे जातं. नेमकी तिथेच खळगा आणि डाग यांची सुरुवात होते. झोपेत चोळायची सवय असेल तर नखं कापा. टाके असतील तर पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात.

या काळात वाफ, स्विमिंग पूल, जिममधला घाम, काजळ, लेन्स आणि भुवयांचं थ्रेडिंग बंद. हेल्मेट घालावं लागत असेल तर काच खाली ठेवा; रस्त्यावरची धूळ ओल्या मलमावर बरोबर बसते. खपली पडल्यावर गॉगल आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, दोन-तीन महिने.

जागा काळी पडली तर घाबरून केमिस्टकडून गोरेपणाचं 'ट्रिपल' क्रीम आणू नका. त्यात स्टेरॉइड असतं. पापणीवर रोज चोळलं तर कातडी आणखी पातळ होते आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो. डाग उतरवायला काय लावायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या, आणि तेही जखम पूर्ण भरल्यावर.

दुसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पू आला, ताप आला, सूज गालाकडे पसरली, डोळा हलवताना दुखू लागला, डोळा मिटेनासा झाला किंवा मलम पुसल्यावरही धूसर दिसत राहिलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डोळ्यांची इमर्जन्सी गाठा.

१०. परत आले तर

परत येतात. कापून काढल्यावरही साधारण चाळीस टक्के लोकांत परत आल्याचं एका जुन्या, नेहमी सांगितल्या जाणाऱ्या अभ्यासात दिसलं, आणि चारही पापण्यांवर चट्टे असलेल्यांत तर त्याहून बरंच जास्त. 'परत येणार नाही, गॅरंटी' म्हणणाऱ्याला ही माहिती नसते किंवा ती तुम्हाला द्यायची नसते.

परत आलेला चट्टा लहान असतानाच दाखवा. दुसऱ्यांदा कापायला कातडी कमी उरलेली असते, म्हणून तेव्हा टीसीए किंवा लेसरकडे कल असतो. जुन्या व्रणाच्या कातडीवर दोन्हींचा जोर आधीपेक्षा बेताचा ठेवावा लागतो. आधी कोणती पद्धत, किती टक्के, किती सिटिंग हे लिहिलेला कागद तेव्हा कामाला येतो. तो पहिल्याच वेळी मागून घ्या.

स्टॅटिन चालू असेल तर सुरू केल्यापासून सहा ते बारा आठवड्यांत लिपिड पुन्हा, मग डॉक्टर सांगतील तसं. आणि आनुवंशिक कोलेस्ट्रॉल निघालं असेल तर सख्खी भावंडं आणि मुलं यांचंही रक्त तपासायला लागतं. प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता निम्मी. एखाद्या रविवारी सगळ्यांना सकाळी उपाशी बोलवा, लॅबवाल्याला एकाच घरी एकाच फेरीत सगळी सॅम्पलं घेऊ द्या, आणि मग पोहे करा.